‘ईना मीना डीका’ची कुळी

पोरं खेळत होती आणि राज्य कुणावर हे ठरवायला ‘ईनी मीनी’ची इंग्रजी गणती चालली होती. आत संगीतकार सी. रामचंद्र चाल शोधत बसले होते. त्यांनी ती गणती कानाने उचलली, तिला मोडलं-वाकवलं, आणि त्यांचे गोव्याचे सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोंकणीतलं ‘माका नाका’ (मला नको) मिसळून दिलं. १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातल्या ‘ईना मीना डीका’ची जन्मकथा अशी सांगतात. गीतकार म्हणून नाव राजेंद्र कृष्ण यांचं. वाटा पोरांचाही धरायला हरकत नाही.

शब्द अंगणातले, पण खाली वाजतं ते हॉटेलातलं. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ‘ताजमहाल’ हॉटेलात आला. गोव्याच्या वादकांनी हे जॅझ चटकन आत्मसात केलं, कारण चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला ते लहानपणीच शिकलेले. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो वाझ ‘चिक चॉकलेट’ झाले आणि अमेरिकन जॅझवादकाच्या नावावरून मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणवले गेले. पुढे साहेब गेले, दारूबंदी आली, हॉटेलांतलं काम आटलं आणि ही मंडळी स्टुडिओत शिरली. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. कुठे ट्रम्पेट, कुठे सॅक्सोफोन, हे गोवेकर सहायक कागदावर उतरवायचा.

सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर, मूळचे पुणतांब्याचे, शास्त्रीय तालीम विनायकबुवा पटवर्धनांची. तरी ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१) मध्ये त्यांनी पाश्चात्त्य ठेका बिनदिक्कत आणला. ‘अलबेला’त चिक चॉकलेटचा बँड पडद्यावरही दिसतो. आणि त्यातला नायक भगवानदादांचा नाच! दोन्ही हात जरा वर, पाय जागच्या जागी, बाकी सगळं खांद्यांत. ज्याला नाचता येत नाही त्यालाही जमणारा, म्हणूनच तो गणपतीच्या मिरवणुकीत टिकला.

‘ईना मीना’ला लोक रॉक अँड रोल म्हणतात. काळ त्याचाच होता, पण माझ्या मते त्याचा खरा वंश ‘स्कॅट’चा: अर्थ सोडून द्यायचा आणि गळ्याचंच वाद्य करायचं. आर्मस्ट्राँगने १९२६ च्या ‘हीबी जीबीज’मध्ये हेच केलं होतं. त्यासाठी गळा हवा होता बेबंद. तो निघाला खंडव्याच्या, इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेल्या किशोरकुमारचा. रीतसर तालीम नाही, पण नकला आणि खोड्या भरपूर. कॉलेजच्या कँटीनची पाच रुपये बारा आण्यांची उधारीसुद्धा त्याने पुढच्याच वर्षी ‘चलती का नाम गाडी’त गाऊन टाकली, असं इंदूरकर हौसेने सांगतात. ‘ईना मीना’ आशा भोसल्यांनीही गायलंय, पडद्यावरच्या वैजयंतीमालासाठी. पोरांच्या तोंडी मात्र किशोरचंच बसलं.

या गाण्याचं कुणी मुलांसाठी चित्रपुस्तक काढलंच, तर किशोरच्या उड्या कुणीही काढील. त्याच्यामागे बसलेले ट्रम्पेटवाले आणि सॅक्सोफोनवाले आधी काढावेत, कारण रेकॉर्डवर त्यांची नावं छापली जात नसत.