न भाजलेल्या मातीचा इतिहास

आजचा भाग मातीवर आहे. पण मडकी, कौलं, विटा यांच्यावर नाही. नुसत्या वाऱ्यावर वाळलेल्या, भट्टी न पाहिलेल्या मातीवर आज बोलायचंय. आणि सुरुवात माझ्या एका फजितीपासून करतो.

गेल्या वर्षी श्रावणात मी हेमलकशाला होतो. गडचिरोली जिल्ह्यातलं, भामरागडच्या अलीकडचं हे गाव. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तो इथंच. गावापुढं पर्लकोटा नदी. पुढं भामरागडला ती पामुलगौतमी आणि इंद्रावतीला भेटते. पावसाळ्यात या नद्या फुगल्या की रस्ते बंद. मीही अडकलो.

माझ्या पिशवीत ‘एअर-ड्राय क्ले’चं एक पाकीट होतं. पुतणीला भिंतीवर लावायला काहीतरी करून देईन असं कबूल केलं होतं. भट्टी नको, ओव्हन नको, एक-दोन दिवस उघड्यावर ठेवा की झालं, असं पाकिटावर लिहिलेलं. मी चार पानं, एक मासा आणि पणती ठेवायची एक वाटी केली. चौथ्या दिवशीही मासा ओलाच. सहाव्या दिवशी पानांवर बुरशी!

शेजारच्या माडिया मावशींनी ते पाहिलं आणि हसल्या. म्हणाल्या, “अशा पाण्यात माती वाळते का जी? आम्ही भिंती उन्हाळ्यातच लिपतो.”

त्यांच्या घराची भिंत म्हणजे बांबूचा कूड आणि त्यावर माती-शेणाचा लेप. मी माझं पाकीट उलटं करून पाहिलं. त्यात माती होती आणि ती तडकू नये म्हणून कागदाचा लगदा घातलेला होता. मावशींच्या लेपात तेच काम शेणातले तंतू करतात. म्हणजे दुकानातून मी जे ‘नवीन’ म्हणून आणलं होतं, ते त्यांच्या भिंतीवर आधीपासूनच होतं.

आता इतिहासाकडे येऊ. माती वाळते तेव्हा तिच्यातलं मोकळं पाणी तेवढं निघून जातं. पुन्हा भिजवली की पुन्हा चिखल. भट्टीत साधारण ६०० अंशांच्या आसपास मातीची घडणच बदलते, मग ती परत चिखल होत नाही. म्हणून उत्खननात खापरं ढिगानं मिळतात आणि आपण संस्कृत्यांना नावं देतो ती भांड्यांवरून. पण घरात हातानं केलेलं, वाळवलेलं, कोनाड्यात ठेवलेलं जे काही होतं ते पहिल्या गळक्या पावसात गेलं. त्याचं खापरही उरलं नाही.

क्वचित उरतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची एक लंबगोल, झाकणाची पेटी निघाली. आत एक स्त्रीमूर्ती. पेटीवर शिर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. सगळं न भाजलेलं! त्या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे. काडी घातली की बाई बैलावर बसते. हे सगळं टिकलं, कारण कुणीतरी ते जपून पुरलं होतं. पुरलं नसतं तर आपल्याला कळलंही नसतं.

फ्रान्समध्ये तुक दोदुबेर नावाच्या गुहेत १९१२ साली मातीचे दोन गवे सापडले. तेही कच्च्या मातीचे, हजारो वर्षांपूर्वीचे. खोल गुहेत ना पाऊस, ना कुणाचा पाय.

म्हणजे कच्ची माती टिकते ती लपली तर. पण घर सजवणारी माणसं लपवायला थोडीच करतात?

सोनाबाई रजवार यांचं उदाहरण घ्या. छत्तीसगडच्या सरगुजा भागातल्या पुहपुटरा गावच्या. लग्नानंतर कित्येक वर्षं नवऱ्यानं त्यांना घराबाहेर पडू दिलं नाही. लहान मुलाला खेळायला म्हणून त्यांनी मातीची चित्रं केली. मग त्या भिंतींकडे वळल्या. बांबूच्या कामट्या वाकवून, त्यांवर माती चढवून जाळ्या केल्या, जाळ्यांत पक्षी बसवले. १९८३ साली भोपाळच्या भारत भवनची माणसं तिथं पोचली, म्हणून आज आपल्याला त्यांचं नाव माहीत आहे. २००७ साली त्या गेल्या. पण तशी माणसं ज्यांच्या दारात पोचलीच नाहीत, अशा किती जणी असतील?

एक तर मला माहीत आहे. माझी आजी. चंद्रपूर जिल्ह्यात आमचं घर मातीचं होतं. आत धान्याची कोठी, आजीनं हातानं उभी केलेली. तिच्यावर तिनं दोन चिमण्या आणि एक मासा उठवला होता. दरवर्षी दिवाळीआधी ती कोठी लिपायची, तेव्हा चिमण्यांची चोच नव्यानं करायची. कधी लांब व्हायची, कधी आखूड. आजी गेली, आम्ही स्लॅबचं घर बांधलं, आणि कोठी फोडायला कुदळ मीच घेतली. फोटो काढायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. इतिहासाच्या गप्पा मारणाऱ्या माझ्याही नाही.

हेमलकशात हे सगळं आठवलं. आजीची चिमणी टिकाऊ नव्हतीच. ती होती, कारण आजी दरवर्षी ती पुन्हा करत होती. कच्च्या मातीचा इतिहास असा हातांनी चालतो. हात थांबले की तो थांबला.

पूर ओसरल्यावर मी परतलो. मार्चमध्ये पुन्हा बसलो, या वेळी पाकीट न घेता. चाळलेली माती, शेण, बारीक कापलेली तणस. जाडी करंगळीएवढी, दोरीसाठी भोक ओलं असतानाच पाडलं, आणि सावलीत हळूहळू वाळवलं. उन्हात घाई केली की कडा आधी सुकतात आणि तडा जातो. चिमणी झाली. चोच जरा लांबच झाली.

तुमच्या गावाकडच्या घरात अशी कोठी, चूल, कोनाडा अजून असेल तर एक फोटो काढा. कुणी केलं तिचं नाव विचारा आणि मागं लिहून ठेवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.