टाके आणि टाकी

लोणावळ्याजवळील भाजे लेण्यांत पाण्याच्या टाक्यापाशी महारठी कोसिकीपुत विण्हुदत याच्या दानाचा प्राकृत लेख आहे. त्यात टाक्यास ‘पोढी’ म्हटले आहे. पुढे मराठीत ‘टांके’ रूढ झाले. इंग्रजी ‘टँक’ शब्दामागे गुजराती-मराठी टांके आणि पोर्तुगीज शब्द या दोहोंचा प्रभाव कोशकार मानतात.

कातळात कोरलेल्या टाक्यास जोड नसतो. विमानाची टाकी पत्र्याची, म्हणून सांध्यांची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून जुहूस आणलेल्या ‘पुस मॉथ’मध्ये अहमदाबादेस बैलगाडीतून आलेल्या डब्यांतील पेट्रोल भरले गेले. अशा जुन्या हलक्या विमानांची टाकी गळू लागली, की आत पातळ लेप ओतून, ती सर्व बाजूंनी फिरवून सांधे बुजविण्याचा प्रघात पडला. परंतु अल्कोहोलमिश्रित इंधनाने काही जुने लेप सुटतात. पापुद्रे गाळणीत अडकून एंजिन हवेतच बंद पडू शकते. म्हणून जुना लेप समूळ काढून, सांध्यास नवा डाख देऊन, दाबाखाली गळती तपासणे श्रेयस्कर ठरते.

शब्दाचे कूळ एक असले, तरी टाक्याचा गाळ उपसावा लागतो आणि टाकीचा सांधा राखावा लागतो.