नोंद कोणी केली, कशासाठी केली?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं विचारलं, "सर, पणजोबांच्या मागं कसं जायचं?" प्रश्न साधा वाटतो. श्राद्धात आपण वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावं घेतो. त्याच्या मागचं नाव विचारलं की घर गप्प होतं. तिथून पुढं कागदच शोधावा लागतो.

पण कागद वाचण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवू. कुठलीही नोंद आपल्यासाठी केलेली नसते. ती कुणीतरी, त्याच्या गरजेपोटी केलेली असते.

आपल्या सोलापूरकडचीच उदाहरणं घेऊ. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबक इथल्या तीर्थोपाध्यायांकडं यजमानांच्या वह्या असतात. कुठल्या गावचे, कुणाचे पुत्र, बरोबर कोण आलं, हे त्यात सापडतं. त्यांना यजमानाचं घराणं सांभाळायचं होतं. जो यात्रेला गेलाच नाही, तो त्या वहीत नाही. कर्नाटकाला लागून असलेल्या आपल्या भागात हेळवी येतात. दारात बसून वंशावळ म्हणतात, नवी नावं लिहून घेतात, धान्य घेऊन पुढच्या गावाला जातात. तिथंही ज्या घराकडून दान येतं, त्याच घराची वंशावळ जपली जाते. वतनाच्या आणि जमिनीच्या कागदांत तर हक्कदारच दिसणार. शेतमजुराचं नाव तिथं कशाला येईल?

आता दुसरी बाजू पाहू. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तिथल्या माणसांना हजेरी द्यावी लागे. कित्येक जण दिवसा गिरणीत राबत आणि संध्याकाळी कुंपणात परतत. तो कायदा 1952 साली रद्द झाला. अशा हजेरीत कुणाला आपला पणजा सापडला, तर तो गुन्हेगार होता असं म्हणायचं का? मुळीच नाही. सरकारला कुणाचा संशय होता, एवढंच ती नोंद सांगते. माणूस कसा होता, हे ती सांगत नाही.

आमच्याच घरातलं सांगतो. पणजोबांचा माग लागायला फारसा त्रास झाला नाही. उपाध्यायांच्या वहीत ते होते, जमिनीच्या उताऱ्यातही होते. पणजीचा मात्र पत्ताच लागेना. वहीत "सहकुटुंब" एवढाच शब्द. त्या एका शब्दात आमची पणजी कोंडलेली! माहेरचं नाव लग्नात बदललं, सासरचं नाव कुणी लिहिलं नाही.

शेवटी ती सापडली गाव नमुना 14 मध्ये. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जन्ममृत्यूच्या त्या नोंदी मोडीत होत्या. मोडी वाचणाऱ्या एका जाणकारानं बोट ठेवलं: नाव, नवऱ्याचं नाव, वय आणि मरणाचं कारण, "ताप". वर्षं प्लेगची होती. 1896 साली मुंबईत प्लेग आला, पुढं दख्खनभर पसरला. कोण मेलं आणि कशानं मेलं, यावर सरकारची करडी नजर होती. घरच्यांनी, धर्मानं, वतनानं जे नाव जपलं नाही, ते साथीला घाबरलेल्या सरकारच्या दप्तरात राहिलं. त्या दिवशी आम्ही बराच वेळ त्या एका ओळीकडं बघत बसलो.

2023 पासून कुणबी नोंदींसाठी हीच दप्तरं घरोघरी माहीत झाली. एका जुन्या शब्दावर मुलाचा दाखला आणि पुढचं शिक्षण अवलंबून असू शकतं. म्हणून तर घाई नको. मोडी जाणकाराकडून वाचून घ्या. शके असेल तर 78 मिळवा, दख्खनी फसली असेल तर साधारण 590 मिळवा, म्हणजे इसवी सन मिळेल. एकाच नावाची दोन माणसं एका गावात असतात. तेव्हा बापाचं नाव, गाव आणि साल जुळल्याशिवाय नातं जोडू नका.

आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. आई, आजी, मामी, आत्या यांची माहेरची नावं आणि गावं विचारून वहीत लिहून ठेवा. त्यासाठी मोडी लागत नाही, दप्तर लागत नाही. सांगणारं माणूस हयात असेपर्यंतच ते जमतं.