चालत निघालेला शर्यतपटू

१४ जून १९६९. फ्रान्समधल्या ल मांच्या ट्रॅकवर, स्टँडच्या कठड्याला टेकून तुम्ही उभे आहात. दुपारचे दोन वाजायला आलेत. एरवी ही २४ तासांची शर्यत चारला सुटते, पण उद्या राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान आहे, म्हणून यंदा दोन तास आधी. पलीकडे पिट्सच्या कडेनं ४५ गाड्या तिरक्या उभ्या आहेत, इंजिनं बंद. रस्त्याच्या अलीकडे, तुमच्या समोरच, त्यांचे ड्रायव्हर. झेंडा पडला की रस्ता ओलांडून पळायचं, गाडीत शिरायचं आणि सुसाट सुटायचं. १९२५ पासूनचा हा रिवाज बघायलाच निम्मी गर्दी जमते.

पण पट्टा कधी बांधायचा? घाईत बरेच जण तो सुटाच ठेवतात. पुढे मुल्सानचा जवळजवळ ६ किलोमीटरचा सरळ रस्ता लागला की गुडघ्यांनी स्टिअरिंग सांभाळत तो बांधायची धडपड करतात. तेही ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास.

झेंडा पडतो. सगळे धावतात. एकटा जॅकी इक्स चालत निघतो.

वय २४, ब्रसेल्सचा, मोटारींवर लिहिणाऱ्या पत्रकाराचा मुलगा. गेल्याच वर्षी रूआंच्या पावसात त्यानं फॉर्म्युला वनमधला पहिला विजय मिळवला, आणि त्याच शर्यतीत एक ड्रायव्हर जळून गेलेला पाहिला. आज त्याच्या वाट्याला आलेली फिकट निळी-नारिंगी फोर्ड जीटी४० गेल्या वर्षी इथे जिंकली होती. त्या विजेत्या जोडीतला लुसिएन बियांकी मार्चमध्ये याच ट्रॅकवर चाचणी घेताना मरण पावला. हे सगळं इक्सला ठाऊक आहे. म्हणून तो शांतपणे गाडीत बसतो आणि पट्टा नीट आवळतो. तो निघतो तेव्हा बाकीच्या गाड्या केव्हाच पुढे गेलेल्या असतात.

थोड्याच वेळात मेझाँ ब्लांश वळणाच्या दिशेनं काळा धूर चढतो. जॉन वुल्फची नवीकोरी पोर्शे ९१७ पहिल्याच फेरीत आदळली आहे. हौसेनं ती विकत घेऊन उतरलेल्या वुल्फनं पट्टा बांधलेला नव्हता. तो गाडीबाहेर फेकला गेला आणि वाचला नाही. इक्सनं चालत जाऊन जे सांगितलं, ते इतक्या लवकर आणि इतक्या भयानक रीतीनं खरं ठरावं असं त्यालाही वाटलं नसेल.

रात्र सरते. रविवारी दुपार व्हायच्या आत आघाडीवरची दुसरी एक ९१७ बंद पडते, आणि लढत उरते दोघांतच: इक्सची १९६४ मध्ये जन्मलेल्या मॉडेलची जुनी जीटी४० आणि ४१ वर्षांच्या हान्स हेरमानची हलकी पोर्शे ९०८. फेरीमागून फेरी ते एकमेकांना मागे टाकतात. मुल्सानवर इक्स मुद्दाम हेरमानला पुढे जाऊ देतो, त्याच्या मागच्या हवेच्या पोकळीत शिरतो आणि वळणाआधी पुन्हा पुढे निघतो. तुम्ही ओरडून ओरडून घसा बसवून घेतला आहे. दोन वाजतात. जवळजवळ ५,००० किलोमीटरनंतर इक्स आणि जॅकी ऑलिव्हर यांची गाडी पहिली येते. अंतर अवघं १२० मीटरांच्या आसपास!

इक्स शेवटचा आला असता तरीही त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण सुरुवातीला गेलेले सेकंद २४ तासांत भरून निघतात, हे त्यानं जिंकून दाखवलं, आणि त्यानंतर रिवाजाच्या बाजूनं बोलायला कुणाकडे काही उरलं नाही.

सोमवारी सकाळी शार्त्रजवळ चला. पॅरिसकडे निघालेल्या इक्सच्या पोर्शे ९११ समोर एक गाडी आडवी येते. त्याची गाडी खांबावर आदळून चेपते. तो पट्टा सोडतो आणि धडधाकट बाहेर येतो.

एक वर्ष पुढे जा. १९७० च्या ल मांला ड्रायव्हर आधीच गाडीत बसलेले आहेत, पट्टे बांधून. धावणं कायमचं बंद झालं आहे.

आता १९७७. इक्सची स्वतःची गाडी शनिवारीच बंद पडली आहे. संघ त्याला दुसऱ्या पोर्शे ९३६ मध्ये बसवतो, जी दुरुस्तीत वेळ गेल्यानं ४१व्या क्रमांकावर घसरली आहे. रात्रभर तो एकेक गाडी मागे टाकत जातो. रविवारी युर्गन बार्थ आणि हर्ली हेवूड या साथीदारांसह तीच गाडी जिंकते, शेवटच्या फेऱ्या एक सिलिंडर बंद ठेवून. १९६९, १९७५, १९७६, १९७७, १९८१, १९८२ असे त्याचे ल मांचे सहा विजय. १९८३ मध्ये त्यानं पॅरिस-डकार रॅलीही जिंकली.

ही यादी वाचताना बियांकी आणि वुल्फ यांनाही आठवा. त्यांच्यातही हिंमत होती, वेग होता. त्यांना पुढची वर्षं मिळाली नाहीत. मोठी कारकीर्द घडायला माणूस आधी जिवंत राहावा लागतो, आणि सगळी गर्दी बघत असताना त्यासाठी सर्वांत मागे राहणं, हे इक्सच्या साऱ्या विजयांइतकंच मोठं धाडस होतं.