‘आणखी देतो’ या शब्दाची किंमत : लंडन, १९८६

घरबांधणीत बिल्डरकडून वायरिंग, नळकाम किंवा सुतारकाम घेणाऱ्या पोटकंत्राटदाराचे ‘जादा’ पैसे दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे वाढीव कामाचे. नकाशात नसलेला पॉइंट काढून दिला की ते नवे काम ठरते आणि त्याचा दर मागता येतो. दुसरा प्रकार अवघड आहे. काम तेच, पण ठरलेला दर परवडेना, म्हणून बिल्डर तोंडी म्हणतो, ‘आणखी देतो.’ हा शब्द कायद्याने बांधतो का?

इंग्लंडमध्ये याचे उत्तर सुमारे १८० वर्षे ‘नाही’ असे होते, आणि ते आले होते समुद्रावरून. बाल्टिककडे गेलेल्या एका जहाजाचे दोन खलाशी क्रॉनश्टाट बंदरात पळाले. बदली माणसे मिळेनात, तेव्हा कप्तानाने त्या दोघांचा पगार उरलेल्यांत वाटून देण्याचे वचन दिले. घरी परतल्यावर पैसे मात्र मिळाले नाहीत. ‘स्टिल्क विरुद्ध मायरिक’ (१८०९) या खटल्यात लॉर्ड एलनबरो यांनी खलाशांचा दावा फेटाळला. जहाज परत आणण्यास ते आधीच बांधलेले होते. वचनाच्या बदल्यात त्यांनी नवे काहीच दिले नव्हते.

आता १९८६. लंडनमधील एका इमारतीच्या २७ सदनिकांच्या नूतनीकरणाचे काम रॉफी ब्रदर्सकडे होते. सुतारकाम त्यांनी २०,००० पौंडांना एका सुताराला दिले. पैसे कामाच्या प्रगतीप्रमाणे मिळायचे, पण कोणत्या टप्प्याला किती, हे ठरलेच नव्हते. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. एप्रिलपर्यंत १६,२०० पौंड देऊन झाले होते आणि बरेच काम बाकी होते. सुतार अडचणीत आला : दर मुळातच कमी, शिवाय कामगारांवरची त्याची देखरेखही ढिली.

काम रेंगाळले असते तर मूळ करारानुसार रॉफींना दंड बसला असता. त्यांनी आपणहून आणखी १०,३०० पौंड कबूल केले, प्रत्येक सदनिका पूर्ण होताच ५७५. पुढे आठ सदनिका जवळजवळ पूर्ण झाल्या; हाती आले फक्त १,५०० पौंड. सुताराने काम थांबवले आणि दावा लावला.

रॉफींनी स्टिल्कचीच ढाल पुढे केली. अपील न्यायालयाने नोव्हेंबर १९८९ मध्ये ती मानली नाही. न्यायमूर्ती ग्लाइडवेल यांचा तर्क व्यवहारी होता : दंड टळणे, नवा सुतार शोधण्याची यातायात वाचणे हा रॉफींचा प्रत्यक्ष लाभच होता, आणि कबुली दडपशाहीने घेतलेली नव्हती. सुताराच्या बाजूने झालेला ३,५०० पौंडांचा निकाल कायम राहिला. (खलाशांनी जहाज घरी आणल्याचा लाभ कप्तानाला झाला नव्हता का, हा प्रश्न कायद्याचे विद्यार्थी आजही घोळवतात.)

टप्प्यांचा प्रश्न मात्र न्यायालयाने नव्हे, संसदेने हाती घेतला. १९९६ च्या कायद्याने ब्रिटनमधील ४५ दिवस वा त्याहून लांब बांधकाम करारांत टप्प्याटप्प्याने पैसे मिळणे हा हक्क केला. ‘मला वरून मिळाले की तुला देईन’ ही पोटकंत्राटदारांच्या माथी मारली जाणारी अट त्याच कायद्याने निष्प्रभ केली. अपवाद ठेवला तो वरच्या देणेकऱ्याचे दिवाळे निघाल्याचा.