वर्धा ते अतामी : एका भिक्षूचा माग काढताना



पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि विषय सुचत नाही. या टप्प्यावर बरेच जण येऊन अडकतात. मग 'गांधीजी आणि जग' असा समुद्राएवढा विषय घेतला जातो आणि पहिल्याच प्रेझेंटेशनला समिती विचारते, "यात तुमचा प्रश्न नेमका काय आहे?" म्हणून आज सल्ले देत बसत नाही, एक उदाहरणच उलगडून दाखवते. विषय वर्ध्याचा आहे, पण सुरुवात जपानमधल्या समुद्रकाठच्या एका गरम पाण्याच्या गावातून करू या.

अतामी : तापलेला समुद्र

टोकियोच्या नैऋत्येला, इझु द्वीपकल्पाच्या तोंडाशी, सागामी उपसागरावर अतामी नावाचं गाव आहे. नावाचा सरळ अर्थ 'तापलेला समुद्र'. आख्यायिका अशी की आठव्या शतकात समुद्रात गरम पाणी उसळून मासे मरायला लागले. तेव्हा एका साधूने प्रार्थना करून तो झरा किनाऱ्यावर आणला. आख्यायिका बाजूला ठेवा, पण नाव लक्षात ठेवा. आपल्याकडे राजापूरजवळचं उन्हाळे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, किनवट तालुक्यातलं उनकेश्वर ही नावंही ऊन पाण्याच्या झऱ्यांवरूनच पडली. गावाचं नाव हेसुद्धा साधन असतं. लेखी पुरावा सुरू होण्याच्या आधीची गोष्ट कधीकधी त्यातूनच कळते.

लेखी पुराव्याकडे वळलं तर १६०४ मध्ये तोकुगावा इएयासू इथे स्नानाला येऊन राहिला होता. पुढच्या शोगुनांसाठी तर इथलं पाणी पिंपांत भरून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, नेत असत. १८६० मध्ये ब्रिटिश राजदूत रदरफोर्ड अल्कॉक इथे आला. त्याचा टोबी नावाचा कुत्रा उसळत्या झऱ्याच्या पाण्याने भाजून मेला. त्याचा स्मृतिदगड आजही झऱ्यापाशी आहे. १ डिसेंबर १९३४ रोजी तान्ना बोगदा सुरू झाला आणि अतामी मुख्य रेल्वेमार्गावर आलं. हा बोगदा जवळजवळ ८ किलोमीटरचा. तो खोदताना ६७ कामगार मेले आणि वरच्या तान्ना खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचे झरे आटले. खाली टोकियोच्या पर्यटकांना गरम पाणी मिळालं, वर शेतीचं पाणी गेलं. पर्यटनाच्या माहितीपत्रकात पहिली गोष्ट सापडते, दुसरी शोधावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, याचा वर्ध्याशी काय संबंध?

डोंगरावरचा आश्रम

अतामीत निप्पोनझान म्योहोजी या बौद्ध संघाचा आश्रम आणि शांतिस्तूप आहे. या संघाचे संस्थापक भिक्षू निचिदात्सु फुजी. उतारवयात त्यांचा मुक्काम बराचसा याच आश्रमात असे. आपल्याकडे ते 'फुजी गुरुजी' म्हणून ओळखले जातात. वर्ध्यात गोपुरीला गीताई मंदिराशेजारी जो पांढरा विश्वशांती स्तूप दिसतो, तो त्यांच्याच संकल्पनेतला. शाळेच्या सहलीत तुम्ही त्याच्यासमोर फोटो काढला असेल, पण तो तिथे का आहे हे सहसा कोणी विचारत नाही. आपला प्रश्न इथेच सुरू होतो.

फुजींचा जन्म ६ ऑगस्ट १८८५ चा, क्युशू बेटावरच्या आसो भागातला. तोही ज्वालामुखीचा आणि ऊन झऱ्यांचाच मुलूख. तेराव्या शतकातल्या निचिरेन या भिक्षूची अशी धारणा होती की भारतातून पूर्वेला आलेला धर्म एक दिवस पुन्हा पश्चिमेला, भारतात जाईल. त्या धारणेपायी फुजी १९३१ च्या सुरुवातीला कलकत्त्यात उतरले. ४ ऑक्टोबर १९३३ रोजी वर्ध्यात त्यांची गांधीजींशी भेट झाली.

पहिली तपासणी : तारीख आणि जागा

इथे थांबा. 'फुजी गुरुजी सेवाग्राममध्ये गांधीजींना भेटले' असं वाक्य तुम्हाला जागोजागी वाचायला मिळेल. पण १९३३ मध्ये सेवाग्राम आश्रम होता का? नव्हता. गांधीजी शेगावला राहायला गेले ३० एप्रिल १९३६ ला, आणि शेगावचं सेवाग्राम झालं १९४० मध्ये. १९३३ च्या ऑक्टोबरात गांधीजी वर्धा शहरातल्या सत्याग्रह आश्रमात होते. तिथूनच ७ नोव्हेंबरला त्यांनी हरिजन यात्रा सुरू केली.

हा नुसता किस काढणं नाही. 'सेवाग्राम' म्हटलं की डोळ्यांसमोर बापूकुटी, शांतता, झाडं येतात. 'वर्धा, १९३३' म्हटलं की येतो जमनालाल बजाजांचा व्यापारी गोतावळा, कलकत्ता-नागपूर-मुंबई रेल्वेमार्ग, आणि अस्पृश्यतेच्या प्रश्नावर देशभर फिरायच्या तयारीत असलेला नेता. जागा बदलली की भेटीचा अर्थही बदलतो. त्यामुळे संपूर्ण वाङ्मयाचे खंड हातात घ्याल तेव्हा आधी शेवटची तारीखवार नोंद उघडा. गांधीजी त्या दिवशी कुठे होते, हे दोन मिनिटांत कळतं.

दुसरी तपासणी : ज्याचं नाव पुढे येत नाही तो

सेवाग्रामच्या प्रार्थनेला तुम्ही बसला असाल तर 'नम्यो हो रेंगे क्यो' हे शब्द ऐकले असतील. मूळ जपानी मंत्र 'नामु म्योहो रेंगे क्यो', म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन. तो प्रार्थनेत रुजला त्याचं श्रेय सरसकट फुजी गुरुजींना दिलं जातं. पण त्याच संघाचा एक भिक्षू शेगावच्या आश्रमात राहून गेला होता. तो हातपंख्याच्या आकाराचा छोटा डफ वाजवत मंत्र म्हणायचा. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि सरकारने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून नेलं.

याचा पुरावा कुठे आहे? खुद्द गांधीजींच्या पत्रात. १८ जुलै १९४२ रोजी त्यांनी 'प्रत्येक जपानी माणसाला' उद्देशून पत्र लिहिलं, ते 'हरिजन'च्या २६ जुलैच्या अंकात छापून आलं. वेळ बघा : चारच दिवसांपूर्वी वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला होता. जपानी फौजा ब्रह्मदेशात पोचल्या होत्या. अशा वेळी गांधीजी जपानी जनतेला स्पष्ट सांगतात की चीनवरचा तुमचा हल्ला मला अजिबात मान्य नाही. आणि त्याच पत्रात त्या भिक्षूची आठवण काढतात. त्याचा हसरा स्वभाव, प्रार्थनेतली नियमितता, आणि मागे राहिलेला तो डफ, ज्याच्या तालावर आश्रमाची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना सुरू होते. राष्ट्राचा निषेध आणि माणसाची आठवण, दोन्ही एकाच कागदावर.

पत्रात भिक्षूचं नाव नाही. संशोधनात असे अनामिक लोक फार महत्त्वाचे. स्तूप ज्याच्या नावाने उभा राहतो त्याच्यावर पुस्तकं निघतात. रोज पहाटे डफ वाजवून मंत्र आश्रमाच्या अंगवळणी पाडणारा माणूस एका परिच्छेदात उरतो. तुमचा प्रबंध यातल्या कोणाच्या बाजूने वाचायला सुरुवात करतो, हे तुम्ही ठरवायचं.

तिसरी तपासणी : सरळ रेषेचा मोह

आपल्याला गोष्ट अशी सांगायला आवडते : फुजी गांधीजींना भेटले, अहिंसा शिकले, जपानला परतले, शांतिस्तूप बांधू लागले. वाचायला छान. पण भेट १९३३ ची आणि कुमामोतोतला पहिला शांतिस्तूप १९५४ चा. मधली २१ वर्षं कुठे गेली? त्या काळात चीनवरचं आक्रमण झालं, महायुद्ध झालं, हिरोशिमा-नागासाकी झालं. फुजींच्या संघाचं पहिलं मंदिरही १९१८ मध्ये मांचुरियात, म्हणजे जपानी सत्तेचा पंजा जिथे पसरत होता तिथेच उभं राहिलं होतं. तेव्हा 'गांधीजींमुळे स्तूप' हे वाक्य लिहिण्याआधी 'अणुबॉम्बमुळे स्तूप' हेही तपासावं लागतं. कदाचित दोन्ही कारणं आहेत. मग कोणतं कधी आणि किती, हा तुमचा खरा संशोधनप्रश्न.

भेटीचं महत्त्व यात कमी होत नाही. राजगीरचा स्तूप १९६९ मध्ये झाला, १९७८ चा नेहरू पुरस्कार फुजींना मिळाला, ९ जानेवारी १९८५ रोजी देह ठेवेपर्यंत त्यांनी भारताशी नातं तोडलं नाही. पण नातं होतं म्हणजे कारण होतं, असं मात्र नाही.

गांधीजींच्या तीन माकडांचंही असंच. ती चिनी पाहुण्यांनी दिली असं कोणी सांगतं, जपानी भिक्षूंनी दिली असं कोणी. परस्परविरोधी आठवणी दिसल्या की एक निवडून दुसरी खोडू नका. कोणती आठवण कधीपासून सांगितली जाऊ लागली, ते शोधा. चीन-जपान युद्धाच्या काळात 'चिनी भेट' आणि 'जपानी भेट' यांत फार फरक होता.

आता तुमचं काम

अतामीला कधी गेलात तर स्नानाचे नियम पाळा : आधी बाहेर अंग स्वच्छ धुवायचं, मगच कुंडात उतरायचं, आणि टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. संशोधनालाही हा क्रम लागू आहे. आपल्या अंगावरची श्रद्धा, अभिमान, पाठ्यपुस्तकातली वाक्यं आधी धुवा, मग साधनांत उतरा.

आणि अतामी परवडत नसेल तर गोपुरीला जा. वही घेऊन स्तूपाभोवती एक फेरी मारा. चारही दिशांच्या बुद्धमूर्ती बघा, पाटीवर कोणत्या भाषांत काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही ते उतरवून घ्या. मग तीन प्रश्न लिहा : हे कोणी बांधलं, हे केव्हा शक्य झालं, आणि या गोष्टीतून कोण गळलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला तीन वर्षं लागतील असं वाटलं, तर समजा सिनॉप्सिसचा विषय मिळाला.