वाघळाची गोष्ट

लहान मुलास बहुतेक प्राण्यांची पहिली ओळख डोळ्यांनी होत नाही, कानांनी होते. सिंह, कोल्हा, लांडगा हे प्राणी प्रत्यक्ष पाहण्याच्या कितीतरी आधी त्याने गोष्टींत ऐकलेले असतात, आणि सिंह उदार, कोल्हा लबाड, ही तेव्हाची समजूत पुढे जन्मभर टिकते. सिंहाचे किंवा कोल्ह्याचे त्यात फारसे बिघडत नाही. पण एक प्राणी असा आहे की, आपण मुलांस सांगत आलेल्या गोष्टीने त्याचे खरे चरित्र जवळजवळ दोन हजार वर्षे झाकून ठेविले. तो प्राणी म्हणजे वटवाघूळ. ती गोष्ट काय होती, तिला खरे उत्तर कसे मिळाले, आणि आता गुहेतील या प्राण्याविषयी व त्याच्या शेजाऱ्यांविषयी मुलांस काय सांगावे, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

गोष्ट इसापाची म्हणून प्रसिद्ध आहे. पशु आणि पक्षी यांचे युद्ध जुंपले. वाघूळ ज्याची सरशी होईल त्याच्या बाजूस जाई. पशूंस दात दाखवी, पक्ष्यांस पंख दाखवी. पुढे तह झाला, तेव्हा दोन्ही पक्षांनी त्यास हाकून दिले. आणि तेव्हापासून ते तोंड लपवून रात्रीचेच बाहेर पडते. इसापाच्या कथा मराठीत फार लवकर आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरास सरफोजी महाराजांच्या आश्रयाने त्या छापल्या गेल्या, आणि १८२८ साली सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ मुंबईत निघाली. मराठीतील बालवाङ्मयाचा आरंभ अशाच पुस्तकांपासून धरण्याची वहिवाट आहे. म्हणजे आपल्या मुलांच्या वाचनाचा पाया घालण्यातच या नीतिकथांचा हात आहे.

या गोष्टीस आम्ही सरसकट दोष देऊ इच्छीत नाही. तिच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो अगदी मुलाचा, आणि म्हणूनच अगदी शास्त्रज्ञाचाही आहे. हा प्राणी उडतो, मग त्यास पिसे का नाहीत? त्यास दात आहेत, मग पंख कसे? आणि उजेड सोडून तो अंधारातच का हिंडतो? प्रश्न खरे होते. उत्तर मात्र निसर्गात न शोधता नीतिशास्त्रात शोधले गेले. वाघळाच्या अंगावरून दुटप्पीपणाचा गुन्हा सिद्ध झाला, आणि रात्रीचे उडणे ही त्याची शिक्षा ठरली. एकदा शिक्षा सांगितली म्हणजे चौकशी थांबते. या गोष्टीचा खरा अपकार हाच होय.

जुन्या लोकांनी वाघूळ पाहिलेच नव्हते असे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने त्यास पक्ष्यांतच गणिले खरे, पण ते अंडी न घालता जिवंत पिल्लू प्रसवते व त्यास दूध पाजते, हे नमूद करून ठेविले. आपल्याकडे अमरकोशात त्याचे ‘अजिनपत्रा’ असे नाव आहे. अजिन म्हणजे कातडे. कातड्याच्या पंखांची, एवढ्या एका शब्दात पिसांचा प्रश्न मिटला आहे. परंतु कोशातला शब्द पंडितांपाशी राहिला, आणि गोष्ट घरोघर गेली.

अंधाराच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मात्र अठरावे शतक संपत यावे लागले. इटलीतील पाव्हिया येथील विद्यापीठात लाझारो स्पालान्झानी नावाचा अध्यापक होता. तो धर्मगुरूही होता. त्याच्या खोलीत एक पाळलेले घुबड असे. मेणबत्ती विझली की ते भिंतीवर आपटे. १७९३ साली त्याने हाच प्रयोग वाघळावर केला, आणि ते मिट्ट काळोखातही कोठेही न आपटता फिरत राहिलेले पाहून तो चकित झाला. पुढे त्याने काही वाघळांचे डोळे काढून त्यांस सोडून दिले. काही दिवसांनी पाव्हियाच्या मोठ्या देवळाच्या घंटेच्या मनोऱ्यात त्यांतील काही पुन्हा सापडली. त्यांची पोटे फाडून पाहता डोळस वाघळांइतकेच किडे त्यांत भरलेले होते. १७९४ साली जिनीव्हाच्या लुई ज्यूरीन याने डोळ्यांच्या ऐवजी कान बंद करून पाहिले, तेव्हा मात्र वाघूळ आंधळ्यासारखे जागोजाग धडकू लागले. स्पालान्झानीने प्रयोग स्वतः करून पाहिला आणि तो खरा असल्याचे कबूल केले. पण कान अडथळा कसा ओळखतो, हे दोघांसही सांगता येईना. कारण उडणाऱ्या वाघळाचा आवाज तर कोणासच ऐकू येत नव्हता. पॅरिसच्या क्यूव्हिएसारख्या मातबर पंडिताने हे काम पंखांच्या स्पर्शाचे असावे असा अभिप्राय दिला. पंडिताचा शब्द प्रमाण मानला गेला आणि प्रयोग बाजूस पडला.

त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी या प्रकरणाचा निकाल लागला, आणि तो एका विद्यार्थ्याने लावला. १९३८ साली हार्वर्ड विद्यापीठातील डोनाल्ड ग्रिफिन हा तरुण पिंजऱ्यातील वाघळे घेऊन जी. डब्ल्यू. पिअर्स या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाकडे गेला. मनुष्याच्या कानास ऐकू न येणारे सूक्ष्म स्वर पकडणारे यंत्र पिअर्सपाशी होते. त्या यंत्रासमोर मुकी वाघळे एकदम बोलू लागली! मनुष्याचा कान सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकतो. वाघळाची हाक बहुधा त्याच्या पलीकडची असते. पुढे ग्रिफिन व रॉबर्ट गॅलम्बॉस यांनी खोलीत तारा टांगून प्रयोग केले. कान बंद केले, वाघूळ धडकले. तोंड बंद केले, तरीही धडकले. म्हणजे ते हाक मारते आणि तिचा प्रतिध्वनी ऐकून वाट काढते. या शक्तीस ग्रिफिनने १९४४ साली नाव दिले. मराठीत आपण तीस प्रतिध्वनीने स्थान ओळखणे असे म्हणू. वाघूळ आंधळे असते ही समजूतही तेव्हाच जावयास हवी होती. प्रत्येक वाघळास डोळे असतात. आणि वडापिंपळावर लोंबणारी मोठी फळखाऊ वाघळे तर प्रतिध्वनीवर नव्हे, डोळ्यांवर आणि नाकावर विसंबून चालतात.

आता वाचकांनीच सांगावे, यापेक्षा सुरस गोष्ट कोणती? विझलेली मेणबत्ती, आपटणारे घुबड, न आपटणारे वाघूळ, ऐकू न येणारा आवाज, आणि दीडशे वर्षे अडलेले कोडे! पाच वर्षांच्या मुलास हे सारे कळते. डोळे काढल्याचा भाग त्यास सांगू नये; पण दहाबारा वर्षांच्या मुलापासून तो लपवूही नये असे आमचे मत आहे. ज्ञान कधी कधी निर्दयपणे मिळविले गेले, हेही त्या ज्ञानाच्या इतिहासाचेच अंग आहे, आणि ते ऐकून मुलगा जो प्रश्न विचारील तो नीतिकथेच्या तात्पर्याहून मोलाचा असेल.

वाघूळ हे गुहेतले केवळ बिऱ्हाडकरू; दिवस काढावयास येते आणि तिन्हीसांजेस निघून जाते. आतल्या काळोखातून कधीच बाहेर न येणारे रहिवासी निराळे. स्लोव्हेनियातील चुनखडीच्या डोंगरांत मोठ्या पावसानंतर जमिनीखालचे झरे फुगले की एक फिकट, वीतभर लांबीचा, डोळे कातडीखाली झाकलेला प्राणी वाहून वर येई. पाताळात राहणाऱ्या अजगरासारख्या राक्षसी सर्पाचे हे पिल्लू, असे तेथील लोक म्हणत. १६८९ साली व्हाल्व्हासोर या सरदाराने आपल्या प्रांताच्या मोठ्या वर्णनग्रंथात ही समजूत नोंदविली, आणि आपल्या मते हा सरड्यासारखा एक क्षुद्र जीव आहे असेही लिहिले. १७६८ साली त्यास प्रोटिअस हे शास्त्रीय नाव मिळाले. २०१६ साली पोस्तोयना येथील गुहेत एका मादीने चौसष्ट अंडी घातली व त्यांतून बावीस पिल्ले निघाली, तेव्हा तेथील लोकांनी कौतुकाने त्यांस पाताळसर्पाची पिल्लेच म्हटले. आम्हांस यात मोठा बोध दिसतो. येथे जुनी गोष्ट मारली गेली नाही आणि खरी मानलीही गेली नाही. तिचे बोट धरून मुले खऱ्या प्राण्यापर्यंत पोहोचली. जी गोष्ट कुतूहल वाढविते ती खोटी ठरूनही उपयोगी राहते; जी गोष्ट आरोप ठेवते ती मात्र तेथेच वाट अडवून बसते.

असे उदाहरण आपल्या शेजारीही आहे. बस्तरमध्ये जगदलपूरनजीक कोटुमसर नावाची गुहा आहे. तेथे काळोख्या डबक्यांत एक लहान मासा राहतो. त्याचा रंग उडालेला आणि डोळे बारीक झालेले असतात. ज्या जातीत त्याची गणना होत आली, तिचे वर्णन फ्रान्सिस डे याने १८७२ साली पुण्याकडील माशांवरून केलेले आहे. पुण्याकडचा मासा उजेडातला, डोळस. उजेड नसल्यामुळे गुहेत झाडपाला उगवत नाही. मग तेथे खावे काय? बाहेरचे अन्न आत येते ते पुराच्या पाण्याने, आणि पुष्कळ गुहांत वाघळांच्या विष्ठेने. लेण्यात शिरताना ज्या उग्र वासाने आपण नाक दाबतो, तो तेथील किड्यांच्या मुदपाकखान्याचा वास होय, एवढे मुलास सांगितले तर त्याचे नाक दाबणे सुटणार नाही, पण पाहणे सुरू होईल.

ही सारी चर्चा केवळ बालवाङ्मयाची आहे, असे कोणास वाटेल. तसे नाही. लहानपणी ऐकलेला आरोप मोठेपणी कायद्यातही उतरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वाघळे कावळे व उंदीर यांच्यासह उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात घातली गेली. म्हणजे त्यांस मारण्यास कायद्याची आडकाठी उरली नाही. त्याच साली किट्टी थाँगलाँग्या या थाई शास्त्रज्ञाने एका वाघळाचे वर्णन प्रसिद्ध केले. ते वाघूळ १९४८ साली दक्षिणेतील डोंगरांत मिळाले होते, आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात चोवीस वर्षे दुसऱ्याच एका सामान्य जातीच्या नावाखाली पडून होते. ती अगदी नवी जात निघाली. तीस सलीम अली यांचे नाव देण्यात आले. तसेच बेळगाव जिल्ह्यात, गोव्याच्या सीमेलगत, बारापेडे येथील गुहेत राहणारे राउटनचे वाघूळ. १९१३ साली ओल्डफील्ड टॉमस याने त्याचे वर्णन केले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याच्या वसतीचे हेच एक ठिकाण जगास माहीत होते. एखाद्या गुहेत टवाळांनी धूर केला तर काय नष्ट होऊ शकते, हे यावरून समजावे. कारण वाघळाची मादी बहुधा वर्षास एकच पिल्लू देते. या दोन जातींस पुढे कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले, आणि २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, उपद्रवी प्राण्यांचे ते परिशिष्टच काढून टाकण्यात आले. आरोपपत्र फाटले, पण भीती फाटत नाही.

म्हणून नवी गोष्ट हवी. मात्र तीतही एक धोका आहे. वाघूळ किडे खाते, बी पसरविते, फुलांचे परागीकरण करते, म्हणून ते आपले उपकारकर्ते, अशी पाठांतराची गोष्ट अलीकडे मुलांस सांगतात. ती खोटी नाही; पण प्राण्यास संत ठरविणे आणि चोर ठरविणे या दोहोंत पद्धत एकच आहे. २०१८ साली केरळात निपाह रोगाने माणसे दगावली, आणि त्याचा माग फळखाऊ वाघळांपर्यंत लागला. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वर येथील गुहेतील वाघळांतही त्या विषाणूच्या संसर्गाच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेस आढळल्या. तेव्हा वाघळास हात लावू नये, त्याने उष्टावलेले फळ खाऊ नये, त्याच्या गुहेत जाऊन त्यास छेडू नये, हेही मुलास स्पष्ट सांगितले पाहिजे. संताच्या गोष्टीत हे बसत नाही. खऱ्या प्राण्याच्या गोष्टीत सहज बसते. दुरून पाहावे आणि त्याच्या घरी त्यास राहू द्यावे, इतकाच त्याचा अर्थ.

१९९३ साली अमेरिकेत जॅनेल कॅनन या लेखिकेने ‘स्टेलालूना’ नावाचे चित्रमय पुस्तक लिहिले. घुबडाच्या झडपेने आईपासून सुटलेले फळखाऊ वाघळाचे पिल्लू पक्ष्यांच्या घरट्यात पडते. किडे खाण्यास शिकते, डोके वर करून बसण्यास शिकते, आणि अखेर आई भेटल्यावर आपण कोण हे त्यास उमगते. पाहावे तर इसापाचीच गोष्ट: पक्ष्यांत वाघूळ! पण येथे खटला नाही, निवाडा नाही. आपण सारखे नसून मित्र कसे, एवढेच आश्चर्य त्या पिल्लांस वाटते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्रश्नास गोष्टीनेच दिलेले हे उत्तर आम्हांस फार समर्पक वाटते.

इसापाची कथा मुलांपासून काढून घ्यावी, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ती अवश्य सांगावी. पण तात्पर्यापाशी थांबू नये. मुलास विचारावे, वाघूळ रात्री का निघते याचे हे उत्तर तुला पटते काय? मग मेणबत्ती विझवावी, आणि त्या अंधारात पाव्हियाच्या घुबडाची गोष्ट सांगण्यास आरंभ करावा.